दुकानातला खून: गल्ल्यावरून केलेली पारख

इंग्रजी कोझी रहस्यकथांमध्ये घरच्या दुकानाची मालिका हा आता स्वतंत्र माल झाला आहे. गाव छोटं, दुकान दोन पिढ्यांचं, चालवणारी आजी किंवा शहरातली नोकरी सोडून परतलेली नात, आणि पहिल्या तीन-चार प्रकरणांत कोठीत नाहीतर पिठाच्या पोत्याशेजारी एक मुडदा. दुकान कसलंही चालतं: बेकरी, चहा, चीज, लोकर, मेणबत्त्या, जुनी पुस्तकं. मुंबईच्या फुटपाथवर ही पुस्तकं ढिगाने मिळतात आणि लोकलमध्ये वाचायला झकास असतात. इथे पारख एकाच गोष्टीची केली आहे: त्यातलं दुकान खरं आहे का? कसोटी अशी, की बेकरी उचलून तिथे लोकरीचं दुकान ठेवावं आणि बघावं. खून, पुरावा, उलगडा सगळं तसंच चाललं, तर ते दुकान संगीत नाटकातल्या रंगवलेल्या पडद्यासारखं समजावं. पुढे पात्रं गातात, मागे राजवाडा हलतो.

या कसोटीला बहुतेक मालिका नापास होतात. ज्या पास होतात, त्या मात्र पुन्हा वाचाव्यात अशा.

आधी डब्यावरचं लेबल वाचून घेऊ. कोझीत तपास करणारा हौशी असतो, खून पडद्याआड होतो, रक्तमांस आणि शय्यादृश्यं पानावर येत नाहीत. अमेरिकेत ‘मॅलिस डोमेस्टिक’ नावाचं या प्रकाराचं संमेलन 1989 पासून भरतं, आणि तिथला अगाथा पुरस्कार याच चौकटीतल्या लेखनाला मिळतो. एका पुस्तकात साधारण 60 ते 80 हजार शब्द, पानं तीनशेच्या आसपास. विरार ते चर्चगेट दोन दिवसांच्या जाण्या-येण्यात संपतं, बसायला मिळालं तर. ज्यांना जुन्या पॉकेटबुकांतला पिस्तूलवाला, गाडी पळवणारा गुप्तहेर हवा आहे, त्यांनी या वाटेला जाऊ नये. इथे पाठलाग झालाच तर सायकलवरून होतो.

या पुस्तकांचं बलस्थान म्हणजे दुकानदाराला तपासासाठी दारोदार फिरावं लागत नाही. गिऱ्हाईक आपल्या पायांनी येतं आणि यादी वाचून दाखवतं. चांगला लेखक यादीतल्या बदलावर लक्ष ठेवतो. ज्या घरात महिन्याला पाच किलो साखर जायची तिथे दोनच जायला लागली, तर मधुमेह निघालाय किंवा माणसं कमी झालीत. एकट्या राहणाऱ्या बाईने अचानक दोन किलो रवा नेला, तर घरी कोणी उतरलंय. उंदराचं औषध तिसऱ्यांदा नेणाऱ्याच्या घरात एक तर घूस आहे, नाहीतर कथानक. असं निरीक्षण गल्ल्यामागे बसल्याशिवाय सुचत नाही. पण निम्म्याअधिक पुस्तकांत नायिका तपासाला निघाली की दुकान मदतनीस मुलीवर सोपवते आणि ऐंशी पानं फिरकतच नाही. एवढ्या सुट्ट्यांवर कुठलंही किराणा दुकान टिकत नाही. इथे मात्र शेवटच्या पानावर शेजारचा गाळा घ्यायचा बेत चाललेला असतो.

धंद्याची जाण उलगड्यात उतरली की काय होतं, याचं जुनं उदाहरण अगाथा ख्रिस्तीचं. पहिल्या महायुद्धात ती टॉर्की इथल्या रुग्णालयाच्या औषधालयात काम करत होती आणि 1917 मध्ये तिने औषध बनवणाऱ्यांची परीक्षा दिली. 1920 मध्ये आलेल्या तिच्या पहिल्या कादंबरीचा उलगडा औषधाच्या बाटलीत तळाशी काय बसतं यावर उभा आहे. औषधविक्रेत्यांच्या व्यवसायातल्या नियतकालिकाने त्यातल्या विषाच्या हाताळणीची तारीफ केली होती, आणि तिला त्या शाबासकीचं फार अप्रूप होतं. ते औषधालय काढून तिथे लोकरीचं दुकान ठेवता येत नाही. कादंबरीच उरणार नाही.

आता हीच कसोटी आपल्याकडे लावून पाहू, म्हणजे परदेशी पुस्तकात काय राहून जातं ते कळेल. जुन्या वळणाच्या दुकानात दोन वह्या असतात. रोजमेळात रोजची रोकड उतरते: एका बाजूला जमा, दुसऱ्या बाजूला नावे, आणि रात्री शिल्लक काढून रेघ. तीच शिल्लक दुसऱ्या दिवशीच्या पानावर सगळ्यात वर येते. खतावणीत प्रत्येक खातेदाराचं वेगळं पान असतं आणि त्यातल्या नोंदीपुढे रोजमेळाच्या पानाचा आकडा टाकलेला असतो. समजा, मंगळवारची अखेरची शिल्लक 14,260 आहे, बुधवारचं पान फाडलेलं आहे आणि गुरुवार 11,900 वर उघडतो. म्हणजे पान नसलं तरी बुधवारी जमेपेक्षा 2,360 जास्त बाहेर गेले हे उघड. किरकोळ विक्रीच्या दिवशी रोकड वाढायला हवी होती, ती घटली, त्यामुळे कोणाला तरी मोठी रक्कम दिली गेली. आणि खतावणी चाळता चाळता एखाद्या खात्यात ‘रो. पान 87’ दिसलं, आणि 87 हेच गायब पान असलं, की नाव हाती लागलं. दोन्ही वह्या नाहीशा करायला हव्यात हे ज्याला ठाऊक नव्हतं तो घरातला नव्हे, निदान गल्ल्यावर कधी बसलेला नव्हे. पुरावा, संशयितांची चाळणी आणि घरातलं राजकारण, तिन्ही एका फाटक्या पानात. इंग्रजी कोझीत याच्या जागी लॅपटॉप येतो आणि त्याचा पासवर्ड मांजराचं नाव निघतो.

वजनांचंही तसंच. लोखंडी वजनाला एक भोक असतं, त्यात शिसं भरलेलं असतं आणि त्या शिशावर वैधमापन निरीक्षकाचा शिक्का उठवलेला असतो. वजनांची फेरपडताळणी 24 महिन्यांनी, इलेक्ट्रॉनिक काट्याची 12 महिन्यांनी. शिक्क्यावरून ते वजन शेवटचं कधी तपासलं गेलं ते सांगता येतं. शिसं कोरून काढलेलं असेल तर वजन हलकं, म्हणजे गिऱ्हाइकाला माल कमी. डोक्यात वजन घातलं, हे प्रत्येक दुसऱ्या लेखकाला सुचतं. दोन किलोच्या जोडीतलं एकच वजन हलकं का, आणि खून करणाऱ्याने नेमकं तेच का लपवलं, हे सुचायला दुकानात उभं राहावं लागतं.

याहून भरीव खाण लालबागेत आहे. मार्च ते मे मसाल्याच्या हंगामात तिथल्या डंखांपुढे, म्हणजे मसाला कुटायच्या यंत्रांपुढे, डबे घेऊन रांगा लागतात. मिरची निवडून घ्यायची: रंगाला सुरकुतलेली ब्याडगी, तिखटपणाला संकेश्वरी किंवा लवंगी, मधल्या चवीला पांडी. उन्हात कडकडीत वाळवायची, देठ काढायचे, खडा मसाला तेलाच्या बोटावर जिन्नसागणिक वेगवेगळा भाजायचा, कारण खसखस आणि धणे एकाच कढईत टाकले तर धणे होईपर्यंत खसखस जळून कडू होते. मग कुटणं, चाळणं, वर राहिलेला चोथा पुन्हा कुटणं. मिरचीत ओल राहिली तर मसाल्याचे गोळे होतात आणि पावसाळ्यात बुरशी धरते. आणि एक गोष्ट प्रत्येक सराईत बाईला माहीत असते: डंखात आधीच्या गिऱ्हाइकाचा मसाला थोडा तरी राहतोच. आधी कोणाची हळद कुटली गेली असेल तर पुढच्याचा पहिला घाणा पिवळट उतरतो. म्हणून सराईत गिऱ्हाईक आपल्यासारखाच मसाला असलेल्या माणसाच्या मागे नंबर लावतं.

यात एक अख्खं कथानक बसलेलं आहे. बाधा झालेला डबा ज्याच्या घरी गेला, त्याच्या जिवावर कोणी उठलेलंच नव्हतं. विष रांगेतल्या आधीच्या डब्यासाठी होतं आणि यंत्रातून पुढच्यात उतरलं. उलगडा रांगेच्या क्रमात. विष कोणतं, हेही मसाल्यातच ठरतं. धोतऱ्याचं बी मिरचीच्या बीसारखं दिसतं, इतकं की न्यायवैद्यकाच्या पाठ्यपुस्तकांत दोन्हींच्या फरकाचा तक्ता असतो. मिरचीचं बी पिवळसर, पातळ, गोल-चपटं. धोतऱ्याचं तपकिरी, जाड, मूत्रपिंडाच्या आकाराचं, अंगावर बारीक खळगे. उभं चिरलं तर मिरचीच्या बीतला गर्भ इंग्रजी सहाच्या आकड्यासारखा आत वळतो, धोतऱ्याचा टोकाशी बाहेर वळतो. लेखकाने इथे सांभाळायचं ते असं: हा फरक कुटायच्या आधी दिसतो. पूड झाल्यावर नायिकेने चिमूट बोटावर घेऊन ‘हा धोतरा!’ म्हटलं, तर वाचकाने पुस्तक मिटावं. बी सापडायला हवं ते वाळवणाच्या गच्चीवर, देठांच्या ढिगात किंवा चाळणीच्या कडेला अडकलेलं. आणि लक्षणं अचूक हवीत: तोंडाला कोरड, विस्फारलेल्या बाहुल्या, असंबद्ध बडबड, हवेत काहीतरी पकडायला जाणारी बोटं. पुस्तकांतली माणसं मात्र कुठल्याही विषाने गळा धरून कोसळतात, कपबशीसकट.

नापास होण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. पहिली, मागचं दार. अमेरिकी छोट्या गावातल्या दुकानाला गल्लीत उघडणारं मागचं दार असतं आणि निम्म्या मालिका त्या एका दारावर चालतात. खुनी तिथून आत, तिथूनच बाहेर. मुंबईतला जुना गाळा दहा बाय बारा, तोंड एकच, वर पोटमाळा, त्यावर गोणी किंवा झोपलेला पोऱ्या. शटरला खाली दोन कड्यांना दोन कुलुपं आणि मधे सेंटर लॉक. खालची कुलुपं बाहेरूनच लागतात. सकाळी तीनही कुलुपं जागेवर आणि आत मुडदा, तर खुनी पुढूनच गेला आणि त्याच्याकडे किल्ल्या होत्या. शिवाय शटर ओढल्याचा खडखडाट अख्ख्या चाळीला ऐकू जातो. बंद खोलीचं कोडं इथे बांधायची गरजच नाही, वास्तूच ते बांधून देते. आता तर भर पडली आहे यूपीआयच्या बोलक्या डब्याची: रात्री अकराला बंद दुकानातून ‘पैसे मिळाले’ असं ऐकू आलं तर शेजारी कान टवकारणारच. सीसीटीव्हीचा रेकॉर्डर जुनं चित्रण पुसून त्यावर नवं चढवतो, आणि आतला सेल संपला असेल तर त्याचं घड्याळ चुकीचं चालतं. या दोन्ही गोष्टी दुकानदाराला पक्क्या माहीत असतात, कोझीच्या लेखकांना क्वचित.

दुसरी जागा प्रयोगशाळा. गावचा शेरीफ, म्हणजे तिकडचा पोलीसप्रमुख, दोन दिवसांत विषाचा अहवाल घेऊन बेकरीत येतो आणि बन खात वाचून दाखवतो. असं तिकडेही होत नाही, आठवडे लागतात. इथे तर व्हिसेरा, म्हणजे मृताच्या आतल्या अवयवांचे नमुने, मिठाच्या संपृक्त द्रावणात बंद होऊन कलिन्याच्या न्यायसहायक प्रयोगशाळेत जातात आणि अहवालाला महिने लागू शकतात. तोवर दुकानात पाडवा उलटून नवी वही सुरू झालेली असते. लेखकाने हा वेळ गोष्टीत वापरावा, लपवू नये.

तिसरी, शेवटचा दरबार. सगळे संशयित दुकानात बोलावून खुन्याला कबूल करायला लावायचं. आपल्याकडे पोलिसांपुढे दिलेली कबुली पुरावा ठरत नाही. आधी 1872 च्या पुरावा कायद्याचं कलम 25 होतं, 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम 23. त्यामुळे मराठीत ही चाल उचलायची असेल तर कबुलीच्या मागोमाग वस्तू निघाली पाहिजे: वजन, पान, चाळणी.

मात्र एका बाबतीत आपला कायदा हौशी गुप्तहेराला मोठा हात देतो. संशयास्पद मृत्यूच्या पंचनाम्याला परिसरातले दोन किंवा अधिक प्रतिष्ठित रहिवासी लागतात. शेजारचा दुकानदार पंच म्हणून आत गेला, की त्याने प्रेत, गल्ला, फडताळ सगळं पहिल्या तासात पाहिलेलं असतं, तेही पोलिसांनीच बोलावून. इंग्रजी नायिकेला त्यासाठी पिवळ्या पट्टीखालून वाकून जावं लागतं आणि शेरीफशी लग्न जमवावं लागतं. (खऱ्या आयुष्यात पंच व्हायला दुकानदार टाळाटाळ करतात, कारण पुढे कोर्टाच्या तारखांना दुकान बंद ठेवावं लागतं. पण हाही एक छान अडथळा आहे.)

हेतूच्या बाबतीत ही पुस्तकं फार पातळ. बिल्डरला इमारत हवी, नाहीतर आत्याच्या मृत्युपत्रात दुकान. मुंबईच्या पागडीच्या गाळ्यात हेतू जास्त बारीक विणलेला सापडेल. 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 7(15) प्रमाणे धंद्याच्या जागेचा भाडेकरू वारला, तर त्या वेळी तिथे धंदा करत असलेला कुटुंबीय आधी भाडेकरू ठरतो. असा कोणी नसेल तर वारसांचं आपसात ठरवायचं, न जमल्यास कोर्टाने. म्हणजे ‘गल्ल्यावर कोण बसतं’ हा घरातला मानापमान राहत नाही. दोन वर्षं दुबईला असलेला धाकटा एकाएकी परतून रोज दुपारी दुकानात बसायला लागला, आणि थोरल्या वहिनींनी ‘भावोजी, तुम्ही आराम करा’ म्हणत त्याला घरी पाठवायचा सपाटा लावला, तर दोघांच्याही मनात तोच गाळा आहे. भाडेकरू असलेल्या अण्णांना अजून काही झालेलंच नाही. झालं की संशयितांची यादी तयार.

पुस्तकाच्या शेवटी पाककृती देण्याची पद्धत आहे. दुकान बेकरीचं असेल तर पाच-सहा. वाचून करून पाहणारे बरेच असतात आणि बहुतेकांची बिस्किटं तव्यावरच्या घावनासारखी पसरतात. दोष कृतीचा नसतो. अमेरिकी कप सुमारे 237 मिलिलिटरचा, त्यात मैदा अलगद भरला तर 120 ते 125 ग्रॅम. आपण पेला दाबून भरला तर दीडशेच्या वर जातो. ‘एक स्टिक’ लोणी म्हणजे 113 ग्रॅम. तिकडची साखर बारीक असते, आपली दाणेदार साखर लोण्यात विरघळत नाही, म्हणून मिक्सरमध्ये एकदा फिरवून घ्यावी, पिठीसाखर होऊ देऊ नये. कृतीत बिनमिठाचं लोणी धरलेलं असतं. आपलं नेहमीचं पिवळं खारं लोणी वापरलं तर कृतीत सांगितलेलं मीठ घालू नये. अंडं तिकडे कवचाशिवाय 50 ग्रॅम धरतात, आपलं लहान असतं, म्हणून दोन सांगितली असतील तर फोडून वजन करावं. सगळ्यात मोठी फसगत ‘खोलीच्या तापमानाचं लोणी’ या शब्दांत आहे. त्यांची खोली 20 अंशांची. मुंबईत मे महिन्यात ओट्यावर ठेवलेलं लोणी तेल होऊन बसतं. फ्रिजमधून काढून दहा मिनिटांत वापरावं, आणि मळलेला गोळा भाजण्याआधी अर्धा-पाऊण तास परत फ्रिजमध्ये ठेवावा. 350 फॅरनहाइट म्हणजे 177 सेल्सियस. घरच्या ओटीजीचा आकडा खोटा बोलतो, पाहिजे तर आत ठेवायचा तापमापक घ्यावा.

खरेदीचं. हुतात्मा चौकात आणि किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर ही पुस्तकं चांगली मिळतात. बरेच विक्रेते वाचून झाल्यावर निम्म्या किमतीत परत घेतात, ते आधीच बोलून घ्यावं. मालिकेतला क्रमांक बघा: तिसऱ्या पुस्तकात पहिल्यातला खुनी सहज बोलता बोलता सांगून टाकलेला असतो, म्हणून सुटं मिळालं तर सगळ्यात खालचा आकडा आधी. वरचं कव्हर फाडून काढलेली प्रत घेऊ नका. न खपलेली म्हणून प्रकाशकाकडे नोंदवून कव्हर परत पाठवलेल्या प्रती अशा बाजारात येतात, आणि आतल्या पानावर तशी सूचनाही छापलेली असते. ही पुस्तकं शिवलेली नसतात, नुसती डिंकाने चिकटवलेली असतात. दोन पावसाळे काढले की डिंक कडक होऊन तडकतो आणि पहिली-शेवटची पानं सुटतात. पहिली गेली तर फार बिघडत नाही. शेवटची पंधरा-वीस मात्र मोजून घ्यावीत: पाककृती जागेवर आहेत, तर त्यांच्या आधीचं प्रकरणही आहे. मोजताना नजर पानाच्या आकड्यावरच ठेवा, ओळींवर नको.